सोबर की गोबर?

महूला मावसभावाच्या घराची पुताई निघाली होती आणि नेमका त्याच आठवड्यात मी तिथे जाऊन टपकलो. (इंदूरकडचे मराठी लोक रंगकामाला सर्रास ‘पुताई’ म्हणतात. त्यांचं मराठी हा एक वेगळाच गोड प्रकार आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) बैठकीच्या भिंतीवर हातभर रुंदीचे तीन पट्टे ओढून ठेवले होते. तिन्ही राखाडी. चार दिवस घरात तेच चाललं होतं, पहिला, दुसरा की तिसरा?

"भावजी, तुम्ही सांगा, कुठला बरा?" वहिनींनी विचारलं.

मी निरखून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणालो, "वहिनी, मला तर हे तिन्ही गोबराचेच रंग दिसतात."

झालं! आत भाजी निवडत बसलेली मावशी ताडकन बाहेर आली. "माझ्या भिंतीला शेण म्हणतोस होय रे?" आता तिला कोण सांगणार, की आमच्या कोकणीत गोबर म्हणजे राख! चुलीत उरते ती. हिंदी मुलखात साठ वर्षं काढलेल्या बाईला हे पटवता पटवता माझा चहा थंड झाला.

पण थट्टा सोडून द्या. ते तीन पट्टे खरोखरच एकसारखे नव्हते, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. सकाळच्या उजेडात पहिला किंचित निळसर होता, दुसऱ्यात पिवळट झाक होती, तिसरा हिरवटाकडे झुकत होता. रात्री दिवा लावला तर दुसरा एकदम मळकट दिसायला लागला. राखाडी हा फार लबाड रंग. त्याचं स्वतःचं असं फार थोडं असतं, तो शेजाऱ्यावर जगतो. लाल फरशीजवळ तो हिरवट वाटतो, पिवळ्या लाकडाशेजारी निळसर. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रारी यायच्या, की तुमचा काळा रंग काळा दिसत नाही. त्याने शोध घेतला तेव्हा दोष रंगात सापडला नाही, शेजारच्या धाग्यात सापडला. १८३९ साली त्याने त्यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. तेव्हा ज्याला राखाडीच लावायचा आहे त्याने हातभर पट्टा ओढून भागणार नाही. चांगला दोन हात चौरस तुकडा दोन वेगवेगळ्या भिंतींवर रंगवावा, शेजारी पांढरा कागद धरावा आणि सकाळी, भर दुपारी, रात्री दिव्याखाली असा तीनदा पाहावा. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून निवडलेला राखाडी हमखास फसवतो.

हा झाला कारागिरीचा भाग. माझं भांडण वेगळंच आहे.

मी भावाला सहज विचारलं, "अरे, तीन राखाडींत डोकं फोडण्यापेक्षा सरळ एखादा रंग का लावत नाहीस? निळा लाव, पिवळा लाव." त्यावर तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. म्हणाला, "छे रे, भडक नको. तसले रंग ‘त्या’ वस्तीत असतात. आपल्याला सोबर पाहिजे."

त्या वस्तीत! आणि हे कुठे बसून? महूत!

ज्या गावात रामजी सकपाळ सुभेदारांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले त्या गावात. ज्या गावाचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे त्या गावात. २००८ साली खुल्या झालेल्या जन्मभूमी स्मारकाच्या पांढऱ्या घुमटाकडे देशभरातून माणसं लोटतात, दर १४ एप्रिलला रस्ते निळे होतात. बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढली, तिचा झेंडा निळा होता. तो निळा पुढे लाखो घरांच्या भिंतींवर चढला. तो ‘भडक’ आहे म्हणून कुणी चढवला नाही. ‘आम्ही इथे आहोत, आणि हे घर आमचं आहे’ हे लांबून दिसावं म्हणून चढवला. त्याच गावातला सुशिक्षित मराठी माणूस तीन राखाडींत घुटमळतो, कारण त्याला आपण ‘ते’ नाही एवढंच भिंतीवर लिहायचं असतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा रंगाच्या डब्यात जात कुठून शोधता? मी शोधत नाही हो, ती झाकणावरच असते. ‘भडक’, ‘गावठी’, ‘डोळ्यांत खुपणारा’ हे शब्द आपण कुणाच्या घराबद्दल वापरतो ते आठवून पाहा. हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. जर्मन महाकवी गटेने १८१० साली रंगांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यानेही रानटी लोकांना, अडाण्यांना आणि पोरांना झगझगीत रंग आवडतात, सुसंस्कृत माणसं ते टाळतात अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. दोनशे वर्षं झाली तरी आम्ही तोच धडा गिरवतो आहोत. लंडनच्या सायन्स म्युझियमने २०२० साली आपल्या संग्रहातल्या सात हजारांहून जास्त वस्तूंची छायाचित्रं संगणकाला तपासायला दिली. दोन शतकांत रोजच्या वापरातल्या वस्तू अधिकाधिक राखाडी होत गेल्याचं दिसलं. जग राखेकडे चाललं आहे. आपण त्यात मागे राहू नये म्हणून धडपडतो, एवढंच.

आता माझ्यावर उलटणारे मुद्दे. राखाडी शांत असतो, त्यावर धूळ दिसत नाही, कुठल्याही सोफ्याशी जमतो. कबूल. राखाडीशी माझं वैरही नाही. महूहून घाट उतरून महेश्वरला जा. अहिल्याबाईंच्या त्या किल्ल्याचा आणि घाटाचा दगड पाहा. पावसात तो काळसर होतो, उन्हात रुप्यासारखा दिसतो, आणि त्याच्या पायऱ्यांवर लाल-पिवळी लुगडी वाळत पडलेली असतात. तो राखाडी दगडाचा स्वतःचा आहे, कुणाला भिऊन आलेला नाही. आणि महूची छावणी? १८१८ पासूनची लष्करी वस्ती. तिथे रस्त्याच्या कडा आणि झाडांचे बुंधे गेरू-चुन्याने रंगवलेले. त्याच माळव्यातल्या बायका सणासुदीला अंगणात गेरू आणि खडीनेच मांडणा काढतात. लाल आणि पांढरा. जनरलला चालतो, शेतकरणीला चालतो, फक्त आपल्या मधल्या वर्गाला चालत नाही!

गोंयकार वाचक एव्हाना गालातल्या गालात हसत असतील, की बरी जिरवली त्या माळव्यातल्या भावाची. थांबा. आता आपल्या दारात येऊ.

फोंतेन्हासमधली पिवळी, निळी, लाल घरं पाहायला पर्यटक येतात, आपण छाती फुगवून ‘हा आमचा वारसा’ म्हणतो. तोच पिवळा, तोच निळा एखाद्या वाड्यावरच्या नव्या सिमेंटच्या घराला लागला की आपण नाक मुरडतो. ‘गल्फचे पैसे दिसतात!’ पोपटी घर दिसलं की गाडीत बसल्या बसल्या विनोद होतात. मीही केले आहेत. पण ते घर कुणाचं असतं? पुष्कळदा मुंडकाराच्या पोराचं. ज्याच्या आजोबांच्या डोक्यावर भाटकार उद्या ‘ऊठ’ म्हणेल ही टांगती तलवार होती. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला तो १९७५ साली. त्या घरातल्या मुलाने चार पैसे मिळवून भिंत पोपटी केली तर तो रंग नव्हे, सात-बारा आहे. भाटकाराच्या दिवाणखान्यातून तो भडक दिसणारच.

आणि माझं स्वतःचं काय? बाबा असेपर्यंत आमच्या घराचा दर्शनी भाग चुन्यात नीळ कालवून रंगवलेला असायचा. चवथ जवळ आली की डबे बाहेर निघत. माझ्या हाती कारभार आल्यावर पहिल्याच चवथीआधी मी तो राखाडी केला. सोबर! दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढलं, आणि आता पाहुणे विचारतात, "यंदा रंग काढला नाही वाटतं?" मी तेव्हा कुणाच्या भीतीने तो निवडला हे महूत भावाच्या तोंडून ऐकेपर्यंत मला कळलं नव्हतं. म्हणून त्याच्यावर जास्त ओरडलो असेन.

तर मंडळी, राखाडी लावायचा तर खुशाल लावा. आपल्या भाषेत त्याला राखी, करडा, पारवा, धुरकट अशी नावं आहेत. पारवा लावतो आहे असं म्हणून लावा, पारव्याचा गळा आठवून लावा. फक्त रंगाऱ्याला ‘भडक नको’ म्हणताना क्षणभर थांबा आणि मनातल्या मनात ते वाक्य पुरं करा. भडक नको, म्हणजे कुणासारखं नको? उत्तर द्यायला जड जात असेल तर डबा बदला.

असो. मी निघायच्या दिवशी भावाने दुसरा पट्टा नक्की केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिन्हींत तो जरा कमी राखाडी वाटतो."