जिंकलेल्या जोडीचा मोह

शर्यतीचे घोडे पैदा करावेत, वाढवावेत आणि स्पर्धेत उतरवावेत, असा एक खेळ संगणकाच्या पडद्यावर जगभर खेळला जातो. जपानमध्ये १९९१ साली निघालेल्या ‘डर्बी स्टॅलियन’ने हा प्रकार लोकप्रिय केला, आता त्याची भावंडे विद्यार्थ्यांच्या खिशातील मोबाइलपर्यंत येऊन पोहोचली आहेत. या खेळात मुरलेल्या खेळाडूचे एक साधे धोरण असते. ज्या नर-मादीपासून एकदा वेगवान शिंगरू निपजले, तीच जोडी पुन्हा पुन्हा लावायची. दुसरे शिंगरू मंद निघाले तर तिसरे, तिसरे बिघडले तर चौथे. या प्रयत्नांची किंमत काय, तर काही मिनिटे. फारच मनाविरुद्ध घडले, तर जुन्या टप्प्यावर परतून डाव नव्याने मांडता येतो.

करमणुकीपुरते हे धोरण ठीकच आहे. परंतु हाच तर्क शेतकऱ्याच्या गोठ्यात वावरू लागला म्हणजे त्याची किंमत रुपयांत आणि वर्षांत मोजावी लागते. मराठवाड्याच्या गोठ्यात तर तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून वावरतो आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याला पुन्हा जोर चढला आहे.

७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी न्यायालयीन वाद संपला नव्हता. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलढाणा या पट्ट्यात शंकरपट पुन्हा भरू लागले. पट भरला की बैलाला नाव येते, नाव आले की किंमत येते आणि किंमत आली की त्याच्या आईबापांची चौकशी सुरू होते. जिंकलेला बैल खच्ची केलेला असेल, तर त्याची संतती मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. मग मागणी वळते ती त्याच्या पाठच्या भावाकडे. ‘तीच गाय, तोच वळू, पुढचे वेत’ एवढे शब्द उच्चारले गेले की व्यवहाराचा भाव चढतो. गोठीत रेतमात्रांच्या सोयीमुळे वळू दूर असला, किंबहुना मेलेला असला, तरी तीच जोडी पुन्हा लावता येऊ शकते.

‘खाण तशी माती’ या म्हणीवर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवणाऱ्या समाजात हे स्वाभाविकच आहे. म्हण खोटीही नाही. परंतु ती सत्याचा अर्धाच भाग सांगते. प्रत्येक अपत्याला आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी जनुके मिळतात. कोणती निम्मी, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरते. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक याप्रमाणे एकट्या बापाकडूनच ४२९ कोटींहून अधिक प्रकारचे वाटे पडू शकतात; आईकडूनही तितकेच. गाईबैलांत या जोड्या ३० आहेत, म्हणून तेथे ही संख्या १०७ कोटींच्या घरात जाते. सख्खी भावंडे सरासरीने निम्मीच जनुके समान बाळगतात. जोडी तीच राहते, पत्ते मात्र दरवेळी नव्याने पिसले जातात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण घोड्यांच्या इतिहासातच सापडते. अमेरिकेतील बोल्ड रुलर हा घोडा आणि समथिंगरॉयल ही घोडी यांची जोडी एकाहून अधिक वेळा लावली गेली. १९६५ साली या जोडीला सिरियन सी ही चांगली धावणारी घोडी झाली. पुढे दोन्ही मालकांत असा करार झाला की, वळू घोड्याचे शुल्क घ्यायचे नाही, त्याऐवजी होणारी शिंगरे वाटून घ्यायची. कोणाला कोणते शिंगरू, हे ठरवण्यासाठी १९६९ साली नाणे उडवण्यात आले. नाणेफेक जिंकलेल्या ऑग्डेन फिप्स यांनी त्या वर्षी जन्मलेली मादी निवडली. हरलेल्या पेनी ट्वीडी यांच्या वाट्याला समथिंगरॉयलचे पुढच्या वर्षीचे, अजून जन्मालाही न आलेले शिंगरू आले. निवडलेली मादी, ‘द ब्राइड’, चार शर्यती धावली आणि एकदाही पहिल्या तिनांत आली नाही. पदरात पडलेले दुसरे शिंगरू म्हणजे ‘सेक्रेटेरिएट’. नाव सचिवालयाचे असले तरी त्याची गती मात्र निराळी होती. १९७३ साली त्याने अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या, त्यांतील शेवटची तब्बल ३१ लांबींच्या अंतराने. आणि तिन्ही शर्यतींतील त्याचे वेळेचे विक्रम आजही अबाधित आहेत. एकाच आईबापांची ही लागोपाठची अपत्ये. जोडी पाहून निवड करणाऱ्याला या दोघांत फरक करण्याचे कोणतेच साधन उपलब्ध नव्हते.

फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हे. ती सर्वसाधारण उंचीच्या दिशेने थोडी मागे सरकतात, असे त्याला आढळले. असामान्य यशात गुणांचा भाग असतो तसा योगायोगाचाही असतो, आणि योगायोग वारसाने मिळत नाही. शर्यतीत तर खुराक, सराव, हाकणारा, धावपट्टी आणि त्या दिवसाची तब्येत या साऱ्यांचा हात असतो. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतील तफावतीपैकी जेमतेम एक-दशांश भाग जनुकांच्या खात्यावर टाकता येतो, असा निष्कर्ष काढला होता.

याचा अर्थ जोडी पुन्हा लावणे हा मूर्खपणा आहे, असा मुळीच नाही. सॅडलर्स वेल्स आणि अर्बन सी या जोडीला १९९८ साली गॅलिलिओ झाला. तो २००१ ची इंग्लिश डर्बी जिंकला. लगेच पुढच्या वर्षी त्याच जोडीला झालेला ब्लॅक सॅम बेलामीही पहिल्या दर्जाच्या शर्यती जिंकला. चांगल्या जोडीची सरासरी चांगली असते, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, सरासरीचा लाभ पदरात पडतो कोणाच्या?

येथे थोडा हिशेब करणे इष्ट ठरेल. समजा, एखाद्या उत्तम जोडीच्या दर पाच गोऱ्ह्यांमागे एक पटावर नाव काढतो. हे प्रमाण केवळ हिशेबापुरते, आणि तेही सढळ हाताने, धरलेले आहे. वासरांत निम्म्या कालवडी असणार. म्हणजे दहा वेतांमागे एक विजेता. ज्याच्याकडे अशा ५० गाई आहेत, त्याला दरवर्षी सरासरी पाच विजेते मिळतील आणि वर्ष पूर्णपणे कोरडे जाण्याचा प्रसंग दोनशे वर्षांत एखादाच येईल. ज्याच्याकडे एकच गाय आहे, त्याचे दर दहांतील नऊ वेळा काहीच हाती लागणार नाही. दोघांची जोडी सारखीच, नियमही तोच. पण एकाला तो व्यवसाय आहे आणि दुसऱ्याला सोडत. पुण्याच्या परिसरातील मोठी अश्वपैदास केंद्रे दशकानुदशके टिकून राहिली, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यांच्याकडे घोड्या अनेक असतात, आणि एका शिंगराचे अपयश दुसऱ्याच्या यशात जिरून जाते. मराठवाड्यातील दोन-चार एकर कोरडवाहू शेतकऱ्याला ही सोय नाही. गाय नऊ महिन्यांवर काही दिवस गाभण राहते, गोऱ्हा जुंपण्याजोगा व्हायला तीनेक वर्षे जातात; तोपर्यंत खुराक चालू आणि कर्ज काढले असेल तर व्याजही चालू. खेळाडू ज्याला चौथा प्रयत्न म्हणतो, त्यात शेतकऱ्याची पंधरा वर्षे संपतात.

किमतीचेही असेच आहे. नाव काढलेल्या बैलाला दहा लाख रुपये आणि न चमकलेल्याला पन्नास हजार मिळतात असे धरले, तर वरील प्रमाणाने त्या जोडीच्या एका गोऱ्ह्याची सरासरी किंमत दोन लाख चाळीस हजार होते. त्यातून तीन वर्षांचा खुराक, श्रम आणि व्याज वजा करायला हवे. उरलेल्या रकमेपेक्षा जो अधिक मोजतो, तो जनावराची नव्हे, आशेची किंमत मोजतो. श्रीमंत शौकिनाने ती खुशाल मोजावी. ज्याच्या पेरणीचे पैसे त्यात अडकतात, त्याला मात्र ती परवडणारी नाही.

मग अशी चुकीची किंमत बाजारात टिकते कशी? कारण बाजारात यश तेवढे बोलते. त्याच जोडीची आधीची दोन गोऱ्ही मंद निघालेली असली, तर ती केव्हाच औताला जुंपली गेलेली असतात आणि त्यांचे आईबाप कोण होते, हे कोणाच्या स्मरणात राहत नाही. विकणाऱ्याला सारे ठाऊक असते. घेणाऱ्याला फक्त पटावरचा जयघोष ऐकू आलेला असतो. इंग्लंडात १७९१ साली जातिवंत घोड्यांची वंशनोंदवही सुरू झाली आणि भारतातही या घोड्यांची अशी नोंद पुण्यातून ठेवली जाते. तिचे खरे महत्त्व खानदानाच्या मिरवणुकीत नाही. जिंकणाऱ्याइतकीच हरणाऱ्याचीही तीत नोंद होते, म्हणून घोडीला किती शिंगरे झाली आणि त्यांतील किती नावाला आली, हे ताडून पाहता येते. शंकरपटाच्या बैलाचा आधार मात्र अजूनही सांगोवांगीचाच आहे.

आणखी एक धोका व्यक्तीचा नसून समाजाचा आहे. एका गाईला तोच वळू दोनदा दाखवल्याने काही बिघडत नाही. परंतु साऱ्यांनीच दोन-चार नामांकित वळूंच्या मागे धाव घेतली, तर पुढच्या पिढीत जिकडे तिकडे आप्तच उरतात. शर्यतीच्या घोड्यांत हे घडलेले आहे. जगातील सुमारे ९५ टक्के जातिवंत घोड्यांची पितृपरंपरा डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत जाते. अमेरिकेतील जॉकी क्लबने २०२० साली एका वळू घोड्याला वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घालण्याचा नियम केला. व्यवसायाच्या विरोधापुढे २०२२ साली तो मागे घ्यावा लागला. मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी ही जनावरे केवळ पटासाठी घडलेली नाहीत. ऊन, ओढकाम आणि अपुरा चारा सोसण्याची त्यांची ताकद हीच त्यांची मिळकत आहे. देशातील देशी व गावठी गोवंश २०१२ ते २०१९ या काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे पशुगणनेत दिसले. अशा वेळी उरलेली विविधता एका गुणाच्या हव्यासापायी आकुंचित करणे दूरदृष्टीचे ठरणार नाही.

उपाय अवघड नाहीत. छत्रपती संभाजीनगरला लागूनच हर्सूल येथे शासनाची गोठीत रेत प्रयोगशाळा आहे. दुधाच्या बाबतीत वळूची पारख एका नामांकित कालवडीवरून करायची नसते, अनेक गावांतील अनेक मुलींच्या नोंदींवरून करायची असते, हे तत्त्व पशुपैदाशीच्या शास्त्राने कधीच मान्य केले आहे. तेच तत्त्व पटाच्या बैलाला लावायला हरकत नसावी. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला मारण्याची व्यवस्था आता झालेलीच आहे. त्या क्रमांकापुढे आई आणि वळू यांची नोंद व्हावी, पटाच्या आयोजकांनी धावणाऱ्या प्रत्येक बैलाचा, केवळ पहिल्या आलेल्याचा नव्हे, क्रमांक व वेळ लिहून ठेवावी आणि ही माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यात कोणालाही पाहता यावी. पाच-सात वर्षांत जोड्यांचे खरे प्रमाण कळू लागेल आणि भाव आपोआप जमिनीवर येतील.

तोपर्यंत घेणाऱ्यापुढे एक जुना मार्ग मोकळा आहे. अमेरिकेतील त्या दोन धनाढ्य मालकांनी शिंगरे वाटून घेण्याचा जो करार केला, तशाच अर्थाची रीत मराठवाड्याच्या खेड्यांत अर्धलीच्या नावाने चालत आलेली आहे. ‘तीच गाय, तोच वळू’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने पुढचे वेत रोख किमतीला न विकता अर्धलीने द्यावे. खुराक घेणाऱ्याचा, जनावर देणाऱ्याचे. बैल नावाला आला तर लाभ दोघांचा, न आला तर तोटाही दोघांचा. विकणाऱ्याचा आपल्या जोडीवर जेवढा विश्वास असेल, तेवढाच तो या अटीला राजी होईल. तो राजी नसेल, तर घेणाऱ्याने बँकेची पायरी चढण्यापूर्वी त्या नकाराचा अर्थ ओळखावा.