मुलांमधील रक्तक्षय : हिमोग्लोबिनचा आकडा एकटा पुरेसा नाही

देशातील दर दहा मुलांपैकी तिघांना रक्तक्षय आहे, की एकाला? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातील रक्तनमुन्यांवरून ही दोन्ही उत्तरे निघाली आहेत. फरक आहे तो केवळ मोजपट्टीचा.

या सर्वेक्षणातील १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या नोंदींतून भारतीय संशोधकांनी निरोगी मुलांचा गट वेगळा काढला. लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ व अ जीवनसत्त्वाची कमतरता नसलेली, तसेच शरीरात दाह नसलेली अशी सुमारे आठ हजार मुले त्यात होती. त्यांच्या हिमोग्लोबिनची खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषापेक्षा बहुतेक वयोगटांत एक ते दोन ग्रॅमने कमी आढळली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, जुन्या निकषाने रक्तक्षयाचे प्रमाण ३० टक्के, तर नव्या मर्यादेने १०.८ टक्के भरते.

संघटनेचे मूळ निकष १९६८चे. त्यांचा आधार प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रौढांच्या पाहण्या हा होता. संघटनेने २०२४मध्ये त्यांचा फेरविचार केला. सहा ते २३ महिन्यांच्या बालकांसाठीची मर्यादा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आली. दोन वर्षांवरील मुलांच्या मर्यादा मात्र कायम राहिल्या. त्यामुळे वाद मिटलेला नाही.

मात्र मोजपट्टीच्या या वादात मूळ मुद्दा झाकला जाऊ नये. रक्तातील घटक परस्परांशी बांधलेले असतात. शरीरातील लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. परंतु संसर्ग वा दाह असताना फेरिटिन वाढते आणि लोहाची खरी कमतरता लपून राहते. म्हणूनच त्यासोबत दाह दर्शविणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तपासावे लागते. उलट सिकलसेल वा थॅलेसेमिया असल्यास लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन कमी असू शकते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न जुना आहे. तेथे हा फरक जाणणे अधिकच गरजेचे ठरते.

‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत २०१८पासून शालेय मुलांना आठवड्याला लोहाची गोळी देण्याचे धोरण आहे. मर्यादा खाली आणल्यास गरजू मुले वगळली जातील, ही भीती अनाठायी नाही. दहात एक हे प्रमाणही लहान नव्हे. परंतु गोळ्या वाटूनही आकडा हलत नसेल, तर दोष वाटपात आहे, आहारात आहे की निदानात, हे हिमोग्लोबिन एकटे सांगू शकत नाही. पुढील सर्वेक्षणांत किमान काही नमुन्यांची फेरिटिन व दाहाची तपासणी झाली, तरच लोह नेमके कोणाला हवे, याचे उत्तर हाती येईल.