ड्रायव्हरच्या झोपेचा हिशेब



उसाचे टनेज आणि साखरेचा उतारा आपल्याला तोंडपाठ असतो. पण साखरेची पोती घेऊन माळशेज घाट उतरणारा ड्रायव्हर झोपला कधी, हे कोणी विचारतो का? मुरबाड तालुक्यातल्या धसईकडचा एक ड्रायव्हर आम्हांस म्हणाला, "यार्डात नंबर लागेस्तोवर रात्र जाते. गाडी भरली की लगेच पळव! चहा-तंबाखूवर डोळे उघडे ठेवायचे, लघवीसुद्धा दाबून धरायची." अशानेच कंबर धरते, मूतखडा होतो, रक्तदाब वाढतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. ती कागदावरच राहिली. त्यात दोष आपलाही आहे. ऊसतोड झाली की "आज आणखी एक खेप टाक" असा लकडा ट्रकवाल्यामागे आपणच लावतो ना?

आमचे स्पष्ट मत आहे की यार्डात निजायला निवारा, पाणी व संडास हवा. हंगामापूर्वी ड्रायव्हरांचे डोळे, रक्तदाब, रक्तातली साखर तपासावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडू या. तोवर निदान एवढे करा : पेंगुळलेल्या ड्रायव्हरला घाटात पाठवू नका. खेप उद्याही होईल.