जपानी शिकताना इंग्रजीचा फेरा नको

शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनो, ‘आपलं इंग्रजी कच्चं, मग जपानी कुठून येणार?’ असं म्हणून मागे राहू नका. जानेवारी 2021 मध्ये भारत-जपान करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी तिकडची वाट खुली झाली. त्यासाठी कामाची परीक्षा द्यावी लागते आणि जपानीची एन-4 किंवा जेएफटी-बेसिक. ही भाषा मराठीतून शिकणंच सोपं आहे.

सुरुवात ‘हवं’पासून करा. ‘मला पाणी हवं आहे’ हे जपानीत ‘वाताशि वा मिझु गा होशिई देस’. इंग्रजीत मागणारा ‘मी’ कर्ता होतो. आपल्याकडे ‘मला’ बाजूला राहतं आणि पाणीच कर्ता होतं. जपानीतही तेच, मिझुला कर्त्याचा ‘गा’ लागतो. काही करायचं असेल तर ‘नोमिमास’ (पितो) यातला ‘मास’ काढून ‘ताइ’ जोडा: नोमिताइ देस, म्हणजे प्यायचं आहे. इंग्रजीवरून उलटसुलट करत बसलात तर हा सरळ धागा हातून सुटेल.

आता जपून. होशिई आणि ताइ स्वतःच्या मनाबद्दल. दुसऱ्याच्या मनातलं आपण ठामपणे सांगायचं नाही. आजोबांना पाणी हवं असेल तर ‘मिझु गा होशिई तो इत्ते इमास’, म्हणजे ‘पाणी हवंय असं म्हणतायत’. शुश्रूषेच्या कामात हे वाक्य रोज लागेल. आणि वडीलधाऱ्यांना ‘होशिई देस का’ असं थेट विचारू नका, ते उद्धट वाटतं. ‘मिझु वा इकागा देस का’, पाणी घेणार का, असं विचारा. आपणही पाहुण्याला ‘तुम्हाला चहा हवाय का’ म्हणत नाही, ‘चहा घेणार ना?’ म्हणतो.

रजा मागताना आपण म्हणतो, ‘साहेब, उद्या जरा सुट्टी हवी होती...’ आणि थांबतो. जपानी माणूसही तसंच म्हणतो: ‘आश्ता यासुमिताइ न् देस गा...’ पुढचं समोरच्याने ओळखायचं. हा अदब तुमच्या घरात आहे, तो विकत घ्यावा लागत नाही.

परीक्षेआधी, क्लासची फी भरण्याआधीही, एक करा. आज रात्री वहीत स्वतःला काय हवंय, काय करायचंय, याची दहा वाक्यं मराठीत लिहा. मग एकेक जपानीत आणा.