नवी नक्षी मागावर चढवण्याआधी

बाजारात एखादी बुट्टी चालली की आठवड्यात तीच बुट्टी शेजारच्या मागांवर चढते. यंत्रमागाच्या गावांतली ही जुनी रीत आता महाग पडणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कपड्यावरची नक्षी पेटंटमध्ये नव्हे, तर २००० च्या डिझाईन कायद्यात येते. नोंद झालेल्या नक्षीवर मालकाचा हक्क १० वर्षे, आणि फी भरल्यास आणखी ५ वर्षे राहतो. नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया असेल तर पेटंट. त्याची मुदत अर्जापासून २० वर्षे. कोर्टाची मनाई आली की तयार तागे गोदामात अडकतात, सुताची उधारी मात्र थांबत नाही.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या नोंदी फुकट पाहता येतात. कापडाच्या थानांचा वर्ग ०५ आहे. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला हे काम सांगावे. पेटंटचे अर्ज साधारण १८ महिने उघड होत नाहीत, म्हणून मोठी रक्कम गुंतवताना जाणकाराचा सल्लाही घ्यावा. मुदत संपलेली नक्षी मात्र खुशाल विणावी.

आपले कारागीर नवी नक्षी काढतात तेव्हा ती बाजारात आणण्याआधीच अर्ज करावा. नंतर नोंद मिळत नाही.

दुसऱ्याचा हक्क मारून केलेल्या कमाईत बरकत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच. धंद्यातही तेच पाळूया.