सॉफ्टवेअरचाही बॅच नंबर हवा

सरकारी दवाखान्यात केसपेपरपासून रक्ताच्या अहवालापर्यंत बरेच काही आता संगणकावर आले आहे. तो बंद पडला की काय होते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दिसले. सायबर हल्ल्यानंतर कित्येक दिवस तिथे कागदावर काम चालले. म्हणून सॉफ्टवेअर कसे तयार होते, हा प्रश्न आरोग्याचाही आहे.

प्रोग्रामर जे लिहितो ते संगणक बहुधा जसेच्या तसे चालवत नाही. इतरांनी लिहिलेले अनेक सुटे भाग जोडून त्यापासून चालणारा प्रोग्राम बनवावा लागतो. हे काम करणारी यंत्रणा म्हणजे बिल्ड सिस्टीम. औषधाचे सूत्र अचूक असले, तरी कारखान्यात भेसळ झाली तर गोळी घातकच निघते. इथेही तसेच आहे.

मार्च २०२४ मध्ये हे उघड झाले. फाइलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती कामाला लावणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात नव्हता. वितरणाच्या गठ्ठ्यातील बिल्डच्या सूचनांमध्ये तो लपवलेला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, म्हणून अनर्थ टळला. हा प्रकल्प वर्षानुवर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. मदतीच्या मिषाने आलेल्याने त्याचा विश्वास मिळवला होता.

नवी भाषा वापरली की प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. लिनक्समधील फाइल कॉपी करणे, तारीख दाखवणे अशा रोजच्या आज्ञा ‘यूयूटिल्स’ प्रकल्प २०१३ पासून रस्ट भाषेत नव्याने लिहीत आहे. संगणकाची स्मृती हाताळताना होणाऱ्या बऱ्याच चुका रस्ट रोखते. तिच्या ‘कार्गो’ या साधनाच्या लॉक फाइलमध्ये सुट्या भागांची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते. आपल्या भाषेत बॅच नंबर. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटू २५.१० मध्ये या आज्ञा आल्यावर ‘डेट’मधील एका त्रुटीमुळे काही संगणकांवर अद्ययावतांची आपोआप होणारी तपासणी थांबली. ती लगेच दुरुस्त झाली, कारण तिथे लक्ष ठेवणारी माणसे होती. प्रत्येक बदल लिनक्स, विंडोज, मॅकवर बांधून पाहणे, जुन्या आज्ञांच्या चाचण्या चालवणे, सुटे भाग बदलणे, हे काम न संपणारे आहे.

औषधांना पैसे पुरत नाहीत तिथे यासाठी कुठून आणायचे, असे कोणी विचारेल. पण लशीच्या फ्रीजची देखभालही रुग्णाला दिसत नाही. म्हणून आपण ती टाळत नाही. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर घेताना शासनाने निविदेत दोन अटी घालाव्यात. सर्व सुट्या भागांची यादी मिळावी. सर्ट-इनने २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्याच आहेत. आणि देखभालीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम असावी, जिचा काही वाटा त्या मोफत प्रकल्पांपर्यंत पोहोचावा.

तळेऱ्याहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या घाटातल्या मोऱ्या मे महिन्यातच साफ कराव्या लागतात. दरड आल्यावर जाग येऊन उपयोग नसतो.