चिंता पेठेतली, पीडा पोटातली

कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची वार्ता सातारा जिल्ह्यातून आली, की सांगलीच्या गणपती पेठेतील व्यापाऱ्यांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून कृष्णामाई ५७ फुटांच्याही वर चढली होती. पेठेतील एक गृहस्थ त्यानंतर दर पावसाळ्यात माझ्याकडे येत. पाणी वाढू लागले की त्यांना दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावे लागे. पोटात कळ येई आणि शौचानंतर शमे. पूर ओसरला की पोटही शांत. तपासण्या सर्व निर्दोष. शेवटी त्यांनी खिन्नपणे विचारले, “डॉक्टर, म्हणजे हे सारे माझ्या मनाचेच खेळ का?”

वाचकहो, कारण मनात असले तरी पीडा खरीच असते. भय वाटताच मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून सीआरएफ नावाचे संप्रेरक स्रवते. त्यायोगे जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणूनच चिंताग्रस्त माणसाची भूक मरते आणि त्याच वेळी शौचाची घाई होते. काहींना याउलट मलावरोध होतो. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे. आतड्याच्या हालचालीस चालना देणारे सेरोटोनिन शरीरात जेवढे असते, त्यातील सुमारे ९० टक्के आतड्यातच असते. धरणाचे पाणी केवळ खाली वाहते. येथे मात्र निरोप दोन्ही दिशांनी जातात. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतातंतूंपैकी बहुसंख्य तंतू पोटाची वार्ता मेंदूकडे नेतात. त्यामुळे बिघडलेले पोट मनालाही स्वस्थ बसू देत नाही. चरकसंहितेतही भय आणि शोक यांपासून होणारे अतिसार स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

तथापि, प्रत्येक तक्रार ‘टेन्शन’च्या खाती लिहिणे हीदेखील मोठी चूक होय. कराडच्या एका भगिनींनी मुलाच्या विवाहाची दगदग समजून शौचावाटे पडणारे रक्त कित्येक महिने घरात कोणासही सांगितले नाही. तपासणीत मोठ्या आतड्याला जखमा आढळल्या. उपचार झाले, पण संकोचापायी फार त्रास सोसावा लागला. शौचावाटे रक्त, अकारण घटणारे वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी शौचाची घाई, कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास किंवा पन्नाशीच्या सुमारास प्रथमच बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.

तपासणी निर्दोष असेल, तर दिनचर्येकडे पाहावे. न्याहारीनंतर मोठे आतडे स्वभावतःच जागे होते. नेमक्या त्याच वेळी आपण दुकानाच्या किल्ल्या घेऊन धावतो. ती पंधरा मिनिटे शरीराला द्यावीत. जेवताना मोबाइल आणि उधारीचा विषय दूर ठेवावा. चहाची संख्या मोजावी. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्यांनी दिवसभरात पुरेसे पाणी प्यावे. इसबगोल घ्यावयाचा असल्यास तो रात्री कोरडा न घेता दिवसाउजेडीच भरपूर पाण्यासह घ्यावा. अपुऱ्या पाण्याने तो घशात वा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखीयुक्त चूर्णे वैद्यकीय सल्ल्याविना नित्य घेऊ नयेत. ज्यांच्या घरी सामायिकाची सवय आहे, त्यांच्यापाशी ४८ मिनिटांची स्वस्थता आयतीच आहे. त्या बैठकीतील संथ श्वासाने शरीराचा ताण उतरतो. एवढे करूनही त्रास राहिला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

त्या गृहस्थांना मी औषध थोडे दिले आणि प्रश्न अधिक विचारले. पाणीपातळी रात्री कितीदा पाहता? माल हलवायचा निर्णय कोण घेतो? सारा भार ते एकटेच वाहत होते. यंदा पावसाळ्यापूर्वी त्यांनी मुलाला शेजारी बसवून कागदावर लिहून ठेवले : ४० फुटांची इशारा पातळी येताच कोणता माल कोठे हलवायचा आणि रात्रीची चौकशी कोणी करायची. पाणी यंदाही वाढले. त्यांना दोन दिवस थोडा त्रास झाला. परंतु रात्री झोप लागली, असे ते सांगत आले तेव्हा चिरंजीव सोबत होते.